विभाताई मोरितांची उसनी तट्टं

विभाताई मोरिता आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही, बसल्या नाहीत, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्या माझ्या लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मागच्या शेडमध्ये गेल्या, उकिडव्या बसून हाताने जमीन चाचपली आणि म्हणाल्या, इथे पाणी साचतं, दोन गाड्या भुसा टाका, मग बोलू. मी मनात म्हटलं, बाई तट्टू देणार आहेत की सोयरीक जमवायला आल्यात?

विभाताई मूळच्या मिरजेच्या. पस्तीस वर्षांपूर्वी दुभाषी म्हणून टोकियोला आल्या आणि बालवाडीची बस चालवणाऱ्या मोरितासानांशी लग्न करून बसल्या. या गृहस्थांना तट्टांचं वेड. वीस वर्षं विभाताई दिवसा तोझाई लाईनच्या लोकलगर्दीत उभ्या राहून ऑफिसला गेल्या आणि संध्याकाळी गमबूट चढवून लीद उपसत राहिल्या. मोरितासानांनी एक रीत पाडली होती. ज्या घरात मूल आहे आणि मागे थोडी मोकळी जागा आहे, त्या घरी दोन तट्टं तीन महिने राहायला पाठवायची. भाडं नाही, काही नाही. तासाभराच्या क्लासने मांड पक्की होत नाही, जनावर घरात असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी ते गेले. तट्टं विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. विभाताईंनी कोणाचंच ऐकलं नाही. बाई चार फूट अकरा इंच, वय एकसष्ट, आणि मिरज सोडताना बरोबर आणलेला राग अजून जसाच्या तसा.

आम्ही आधी निशी-कसाईला, टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत राहायचो. प्रल्हादचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं काम घरून सुरू झालं आणि आम्ही टोकियोशेजारच्या चिबात एका शेतकऱ्याचं रिकामं घर भाड्याने घेतलं. घराला शेड होती, मागे शेत होतं. आमची ओजस्वी नऊ वर्षांची. तिने पोहणं सोडलं, पियानो सोडला, सोरोबान, म्हणजे मण्यांच्या पाटीवरची गणितं, तर दोन आठवड्यांत सोडला. धरसोडपणात तिचा हात कोणी धरला नसता. पण तट्टू तिने स्वतः मागितलं आणि विभाताईंच्या यादीत नंबर लागायला चौदा महिने वाट पाहिली. एकदाही कंटाळा आला म्हणाली नाही. त्यामुळे या वेळी तिला जमावं, असं मला फार वाटत होतं. तिच्यापेक्षा मलाच जास्त.

एक सप्टेंबरला व्हॅनमधून दोघं उतरली. कुरी म्हणजे जपानीत चेस्टनट, त्याच तपकिरी रंगाची घोडी. मामे म्हणजे घेवड्याचा दाणा, तो काळा आणि बुटका. विभाताईंनी अटी सांगितल्या. दोघांना कधी वेगळं करायचं नाही, एकटं तट्टू झुरतं. गवत काट्यावर तोलून सकाळ-संध्याकाळ द्यायचं, बाकी काही म्हणजे काही नाही. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी परीक्षा. मामेला फाटकाशी बांधायचं आणि ओजस्वीने एकटीने, दोर न लावता, कुरीवरून शेताला एक पूर्ण फेरी मारायची. जमलं तर दोघं मार्चपर्यंत राहतील. नाही जमलं तर पुढच्या घरी जातील.

“आधीच सांगते,” त्या म्हणाल्या, “मोरिता गेल्यापासून आठ मुलं बसली. एकालाही जमलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यात गेलं की मामे ओरडतो आणि कुरी माघारी फिरते.”

ओजस्वीने एवढंच विचारलं, की फेरी कुठल्या बाजूने मारायची.

पहिले काही दिवस सगळं छान चाललं, मी दोर धरायची आणि ओजस्वी कुरीवर बसायला शिकली. मग गणपती आले. निशी-कसाईतली ओळखीची सगळी मंडळी दर्शनाला आमच्याकडे आली आणि आरती झाल्यावर शेडकडे वळली. आता प्रसाद कोणाला नाही म्हणायचा असतो का? एकाने अर्धा मोदक दिला, दुसऱ्याने उरलेला अर्धा. नंतर दर शनिवार-रविवारी कोणी ना कोणी यायचंच आणि येताना गाजरं, गूळ, आदल्या दिवशीच्या पोळ्या आणायचं. दसऱ्याला तर कुरीला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पुरणपोळी भरवली गेली. ती कोणी भरवली ते मी सांगते, मीच. घरच्या माणसाला आग्रह करून दुसरी पोळी वाढणारी बाई, दसऱ्याला घोड्याला काट्यावर तोललेलं गवत देईल? प्रल्हाद मला न सांगता सफरचंदं देत होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपला एकट्याचा घास तो केवढासा. मामे जातीचा शहाणा, गोड हुंगून सोडून द्यायचा. कुरी मात्र आमच्यातली निघाली.

ऑक्टोबरच्या मध्यावर विभाताई पाहणीला आल्या. त्यांनी कुरीवर खोगीर टाकलं आणि पोटाखालून तंग ओढला. बक्कल आणि पट्ट्याचं भोक यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. त्यांनी चारही खुरांना हात लावून पाहिला आणि मग माझ्याकडे वळल्या.

“कादंबरी, खूर अजून गरम नाहीत म्हणून वाचलात. गोड खाऊन यांचे खूर आतून सुजतात. मग जनावर उभं राहू शकत नाही आणि शेवटी डॉक्टरला बोलावून त्याला मारावं लागतं. तुम्ही प्रेमाने मारलंत म्हणून ते कमी मरत नाही.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. उद्याच व्हॅन आणते, असं त्या म्हणाल्या. तेव्हा ओजस्वी पुढे झाली. आईबाबांनी काय काय भरवलं ते तिने माझ्यासमोर, तारखांसकट, सांगून टाकलं. मग म्हणाली, माझी परीक्षा नोव्हेंबरात आहे, मला तोपर्यंत वेळ द्या. विभाताईंनी डॉक्टरला फोन लावून विचारलं आणि आम्हाला सांगितलं की सध्या बसायचं नाही, कुरीला हाताने धरून रोज दोन वेळा चालवायचं. परीक्षेच्या दिवशी तंग बसला तर परीक्षा होईल, नाहीतर होणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मुलीचं राज्य आलं. तिने शेडच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. पहाटे साडेपाचला ती कुरी आणि मामे दोघांना घेऊन भातशेतांच्या बांधावरून निघायची, मागून मी जांभया देत. शाळेतून आली की पुन्हा तेच. थंडी पडली, बोटं फुटली, पण एक दिवस चुकला नाही. निशी-कसाईची मंडळी गुळाची ढेप घेऊन आली, तर या पोरीने फाटकात उभं राहून त्यांना माघारी पाठवलं. पाहुण्यांना दारातून परत पाठवण्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ. मला फार बरं वाटलं. चालता चालता ती कधी मामेला झाडाला बांधायची आणि कुरीला दहा पावलं पुढे नेऊन परत आणायची. मग वीस पावलं, मग बांधाच्या वळणापर्यंत. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घोडामैदान जवळ आलं. शेवटच्या रविवारी विभाताई काळा कोट घालून आल्या आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. ओजस्वीने खरारा केला, खोगीर चढवलं, तंग ओढला. बक्कल एका भोकाने कमी पडलं. प्रल्हादने मान खाली घातली. पाच आठवड्यांचे कष्ट पाण्यात गेले असं मी धरूनच चालले.

ओजस्वी मात्र मुळीच गडबडली नाही. तिने लगाम धरून कुरीला हळूहळू पाच-सात पावलं चालवलं आणि थांबवलं. “ती पोट फुगवून उभी राहते,” तिने आम्हाला सांगितलं. “चालली की श्वास सोडते.” कुरीने खरंच मोठा सुस्कारा टाकला आणि तेवढ्यात ओजस्वीने तंग ओढला. एक नाही, वर आणखी एक भोक मिळालं. विभाताईंनी येऊन पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली आणि बाजूला झाल्या.

ती वर बसली आणि निघाली. अर्धी फेरी व्यवस्थित झाली. पलीकडच्या कोपऱ्यात पोचताच फाटकाशी बांधलेला मामे ओरडला, अगदी जीव तोडून. कुरी जागच्या जागी थांबली, कान मागे गेले, मान आमच्याकडे वळली. याच जागी आठ मुलं हरली होती. मी प्रल्हादचा हात इतका दाबला की त्याला वळ उठला. ओजस्वीने लगाम ओढला नाही, टाच मारली नाही. नुसती ताठ बसून राहिली आणि कुरीच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी काहीतरी बोलत होती. मामे पुन्हा ओरडला. कुरीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पुढे पाहिलं, आणि पाऊल उचललं. कोपरा मागे पडला. उरलेली बाजू तर दोघी दुडक्या चालीने आल्या, आणि खोगिरावर माझी धरसोड करणारी पोरगी अशी बसली होती की तिला आता कोणी हलवू शकलं नसतं. मी रडत होते आणि हसत होते, मला कसलंही भान नव्हतं.

विभाताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मार्चचं काही बोलल्या नाहीत. त्या मामेच्या गळ्याला धरून उभ्या होत्या, आणि मोरितासानांच्या जाण्याच्या दिवशीसुद्धा चारचौघांत रडली नसेल अशी ती बाई कोटाच्या बाहीने गाल पुसत होती.

“ओजस्वी,” त्या म्हणाल्या, “अजून एक फेरी मार बाळा. माझे डोळे भरले होते, मला नीट दिसलं नाही.”

ओजस्वीने कुरीला वळवलं आणि ती पुन्हा निघाली.