धनजच्या पाच सनदा

"सर, मोगलांचं एवढं मोठं राज्य बुडलं काहून?" सत्तरच्या दशकात मी अनसिंगला इतिहास शिकवायचो, तेव्हा नववीतल्या एका मुलीनं विचारलं. दुबळे वारस, दख्खनच्या लांबलेल्या लढाया, असं पुस्तकातलं उत्तर मी देऊन टाकलं. माझंच समाधान झालं नाही.

गणिताचे रऊफ सर म्हणाले, "धनजले आमच्या घरी दिल्लीहून भेटलेल्या इनाम जमिनीच्या सनदा हायेत, चला पाहाले. सोमवारी अब्बाची तहसिलीत सुनावणी हाय, त्यायलेबी धीर येईन." शेजाऱ्यानं त्यांच्या विहिरीवर हक्क सांगितला होता. विहीर गेली की शेत कोरडंच.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून निघालो. वाशीमला गाडी बदलताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागे. आता जाणाऱ्यांना तेवढा त्रास नाही. मंगरूळपीरला गरम आलुबोंडे खाल्ले, चहा मात्र नुसतं गोड पाणी. कारंज्याहून धनजची गाडी चुकली, मग छकड्यातून हाडं खिळखिळी करत पोचलो. घरी भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा होता. मी दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

रविवारी सकाळी अब्बांनी सनदांची गुंडाळी सोडली. त्यांना फारसी येत होती. "नवा बादशहा बसला का नवी सनद आणा लागे," ते म्हणाले. जवळपास पन्नास वर्षं राज्य केलेल्या बादशहाची एक, आणि तो गेल्यावर बारा-तेरा वर्षांतल्या चार. शिक्के मात्र एकापेक्षा एक मोठे.

"यात विहिरीची हद्द कुठं आहे?" मी विचारलं.

"नाही ना. बिघे लिवले हायेत. देणाऱ्यानं गावच पायलं नाही, तो हद्द काय लिवन?" अब्बा एवढंसं तोंड करून बसले.

वेळ जाईना म्हणून मी गुंडाळीचा कागद उलगडला. तो मोडीत होता, आणि मोडी मला वाचता येई. मोडी घरात कुणालाच येत नव्हती, म्हणून पिढ्यानपिढ्या तो वरून गुंडाळायला वापरलेला. भोसल्यांच्या अमलातला हद्दीचा कागद: पूर्वेस नाला, पश्चिमेस चिंच, विहीर आत. सीव चालून दाखवणारा येसनाक महार. खाली सहीच्या जागी काठीची निशाणी.

माझं बोट त्या निशाणीवरच थांबलं. माझे आजोबाही गावाची सीव दाखवत, पण साक्ष द्यायची ती चावडीच्या पायरीखाली उभं राहून. छप्पन्नला आम्ही बौद्ध झालो, आणि ते काम नको म्हणून विसरलोही.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही. विहीर तुमची आहे."

सोमवारी तहसिलीत तो कागद मी वाचून दाखवला, लगेच झालेल्या मोजणीत नाला जुळला, चिंचेचं खोडही सापडलं. विहीर राहिली. अनसिंगला परतून त्या मुलीला मी सांगितलं, की शिक्के दिल्लीत होते आणि जमीन ठाऊक असलेली माणसं इथं होती. त्यांना दिल्लीनं कधी विचारलं नाही. पूर्ण उत्तर हे नव्हे, पण माझं मी शोधलेलं होतं.

वर्षानं पुन्हा धनजला गेलो. अब्बांनी तीच गुंडाळी काढली. बाहेरून पाच बादशहांच्या सनदा होत्या, आणि आत, घडी मोडू नये म्हणून जपून ठेवलेला, येसनाकाचा कागद.