सुगुणाम्मांच्या तोंडी आईचं नाव

मंडळी, आत्ताच घरगुती प्रार्थनेवरून आले आणि पर्सही न ठेवता लिहायला बसले.

बदली होऊन आदिलाबादला आल्यापासून दर बुधवारी या छोट्या गटात जाते. सतरंजीवर गोल बसायचं, प्रत्येकाने आपली विनंती सांगायची आणि उजवीकडे बसलेल्याने त्याच्यासाठी प्रार्थना करायची, अशी इथली रीत. सगळं तेलुगूत. माझी पाळी आली की मी आपलं म्हणायची, "सगळं ठीक आहे."

यवतमाळच्या आमच्या गटात नुसतं तोंड बघून ओळखायचे. फार आठवण येते हो त्या लोकांची.

आज मात्र ज्यांच्या घरी आम्ही जमतो त्या मार्थाताई बोलल्याच, "काऊन नेहमी ठीकच म्हनता तुमी? मराठीत सांगा ना! मी समजावून सांगीन त्यायले."

मग सांगितलं. आई तिकडे थकली आहे. फोनवर माझा आवाज तिला ओळखू येईनासा झालाय.

उजवीकडे सुगुणाम्मा होत्या, म्हाताऱ्या, मराठीचा गंध नसलेल्या. मार्थाताईंचं ऐकून त्यांनी आईचं नाव तेवढं विचारलं. मी म्हटलं, "सुशीला."

त्यांनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. प्रार्थना मला फारशी कळली नाही. पण मधूनमधून ऐकू येत होतं, सुशीलाम्मा... सुशीलाम्मा...

तिकडे आता सगळेच आईला आजी म्हणतात.

तुमच्या आईला नावाने हाक मारणारं कोणी उरलंय का हो?