गाईंच्या पत्रिका जुळवणारा गिरीश

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात बसून गिरीश गाईंची लग्नं जुळवायचा. निदान मित्रांना तो असंच सांगे. गाय आणि वळू, दोघांच्या जनुकांचे अहवाल समोर, आणि ज्यांच्या वासराचं मांस मऊ निघेल ती जोडी यादीत सर्वांत वर. "आपल्या पत्रिकेत एकनाड निघाली, मुलं धड होणार नाहीत म्हणून तुझ्या मामांनी केवढा थयथयाट केला होता! आता मीच रोज दोनशे पत्रिका बघतो," असं म्हणून तो बायकोला, सीमाला, चिडवायचा.

इथे मात्र काही जोड्या खरोखरच घातक होत्या. एका जनुकाचा विशिष्ट प्रकार आई-बापांपैकी एकाकडून आला तर मांस मऊ, कमी चरबीचं होतं. दोघांकडूनही आला तर वासरू पोटातच इतकं मांसल होतं की बाहेर पडताना अडकतं. गिरीशच्या प्रोग्रॅममध्ये तिथे लाल इशारा होता. मॅनेजर म्हणाला, "शेतकरी घाबरतात, सेल्स पडतो. ग्रे कर, खाली टाक." व्हिसा याच कंपनीवर होता. गिरीशने तो इशारा करडा करून निमूट तळाशी टाकला, मुंगीएवढ्या अक्षरांत. नेभळटपणाच तो, दुसरा शब्द नाही.

मार्चमध्ये कंपनीने त्याला ग्राहकांच्या भेटीला धाडलं. हेरफर्डशरमधल्या एका गोठ्यात जोन नावाची सत्तरीची बाई एकटीच अठरा गाई सांभाळत होती. तिने त्याच्या हातात चहाचा मग दिला आणि एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"इथे माझी रोझी होती. वासरू अडकलं. डॉक्टर येईपर्यंत दोन्ही गेली. तुमच्या कंप्युटरला हे कळलं नव्हतं का रे?"

"नव्हतं," गिरीश म्हणाला.

"मग माझंच चुकलं. मीच तिला जास्त खायला घातलं असेन." म्हातारीचे डोळे भरले. तिने फोनवर कंपनीची यादी उघडून पुढे केली. "ही तिची बहीण. हिच्यासाठी वळू तूच निवड."

यादीत सर्वांत वर रोझीला लावलेला तोच वळू होता. गिरीशने दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"पहिला का नको?"

कुठलीही थाप चालली असती. दोन-तीन सुचल्याही. पण ती स्वतःला दोष देत उभी होती, आणि ते त्याला सोसवेना. त्याने स्क्रीन तळापर्यंत सरकवली, ती करडी ओळ मोठी करून तिच्यापुढे धरली.

"कंप्युटरला माहीत होतं. मलाही."

जोनने ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग त्याच्या हातातला मग काढून घेतला, उरलेला चहा गोठ्यातल्या गटारात ओतला आणि दार उघडून बाजूला उभी राहिली.