टाचेखालचा पाट

या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली. वसईतल्या एका लहान इस्पितळात आईचं ऑपरेशन चाललं होतं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या चित्रावर चिडले होते. डॉक्टरांच्या भावाने काढलेलं ते चित्र म्हणजे हिरवे, पिवळे, मातकट चौकोन आणि त्यांच्यामधून वळत गेलेली एक निळी रेघ. ना झाड, ना माणूस. अशा वेळी भिंतीवर एखादा देव तरी असावा!

शेजारी होळी गावची एक भाजीवाली बसली होती. पायांवर ओला चिखल. भाजीच्या वाडीतून तशीच उठून आलेली. ती चित्राकडे एकटक बघत होती आणि मधूनमधून उजवी टाच फरशीवर दाबत होती.

"पाय दुखतोय का, मावशी?" मी विचारलं.

"नाय गो बाय, पानी फिरवते." तिने निळ्या रेघेकडे बोट केलं. "हा पाट. एक वाफा भरला का टाचेनं त्याचं तोंड बंद करायचं, मग पानी पुढच्यात जातं. घाई केली तर बांध फुटतो."

मीही चप्पल काढली आणि तिच्यासोबत पाणी फिरवू लागले. एकेक चौकोन भरत गेला. चित्रावरचा राग कधी ओसरला, कळलंच नाही.

आई बरी झाली. अजूनही जीव घाबरा झाला की माझी टाच आपोआप जमिनीवर दाबली जाते. त्या दिवशी त्या मावशीचं कोण आत होतं, हे विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.