पत्र्याखालचा मे महिना

आमच्या घराचं छप्पर माकडांमुळे बदललं. घर चिऱ्याचं, एका मजल्याचं, आगगाडीसारखं लांबलचक. सासऱ्यांनी जहाजावर नोकरीला असताना बांधलेलं. वर मंगलोरी कौलं होती. माकडांची टोळी त्यांवरून शर्यत लावल्यासारखी धावायची, आणि मग पावसाळ्यात गळतीखाली टोपं, परात, पातेली मांडून आम्ही जेवायला ताटं शोधत फिरायचो. शेवटी सासऱ्यांनी वैतागून कौलं उतरवली आणि निळे पत्रे घातले. माकडं अजूनही येतात. फक्त आता त्यांच्या धावण्याचा आवाज जास्त होतो.

गळती गेली, पण उन्हाळा आत आला. मे महिन्यात दुपारी पंखा लावला की भट्टीपुढे कुणी सूप घेऊन वारा घालतंय असं वाटायचं. सासूबाई ओरडायच्या, "बंद कर गो तो पंखा! शेकून निघाल्ये मी." बंद केला की पुन्हा ओरडायच्या, "लाव गो, जीव जातोय माझा." मी सरळ बटणाखालीच बसून राहायची.

हे आम्ही सोसलंही असतं. पण माझी मोठी नणंद डोंबिवलीला असते. दर मे महिन्यात मुलांना घेऊन ती माहेरपणाला यायची ती चांगली महिनाभर. पत्रे घातल्यावर पहिल्याच वर्षी मुलं न्हाणीघराच्या लादीवर जाऊन झोपली आणि ताई तिसऱ्या दिवशी बॅग भरून निघाली. पुढच्या वर्षी फोन आला, मुलांचे क्लास आहेत. सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्या वर्षी माळ्यावर पेंढ्यात लावलेली हापूसची आढी झकास पिकली आणि खायला आम्ही तिघंच. माझा नवरा जहाजावर, त्यामुळे आमच्या घरात तो बहुतेक फोनमध्येच राहतो. सासूबाई टोपली घेऊन आंबे वाटत शेजारीपाजारी फिरल्या. प्रत्येक दारात त्या न विचारता सांगायच्या, "पोरांचे क्लास हायत ना, म्हणून." मला ते ऐकवेना.

सासऱ्यांनाही ऐकवलं नसावं. एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "बॉयलरला पांघरूण घालण्यात माझा जन्म गेला. आता घराला घालतो." सासरे इंजिन रूममधले. त्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू पाइप असते किंवा पाइपाचा भाग असते.

मला स्कूटरवर मागे बसवून ते मिरजोळ्याच्या एमआयडीसीत गेले आणि काचेच्या कापसाच्या गुंडाळ्यांची ऑर्डर देऊन आले. एका बाजूने पिवळा कापूस, दुसऱ्या बाजूने चंदेरी कागद. पत्र्याच्या आतून हा लावायचा, खाली जाळी ठोकायची, झालं. दुकानदाराने बजावलं, "काका, अंगभर कपडे घाला, हातमोजे घाला, फार खाजतं." सासऱ्यांनी त्याच्याकडे, समुद्र न पाहिलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी बनियन आणि अर्ध्या चड्डीत माळ्यावर चढले.

संध्याकाळी खाली उतरले ते खाजकुयलीत लोळून आल्यासारखे. पुढे कित्येक दिवस आमच्या ओटीच्या खांबाला पाठ घासत उभे असायचे, गोठ्यातल्या म्हशीने घासावी तशी. सासूबाईंनी अंगभर आमसुलाचा कोळ चोपडला. "बॉयलरला खाज सुटायची काय हो अशी?" त्या विचारायच्या. सासरे खांब बदलायचे. उरलेलं काम दोन गड्यांनी केलं, अंगभर कपडे घालून.

पण घर गार झालं हो! खरोखर झालं. सासऱ्यांच्या अंगात आलं. रस्त्याने जाणाऱ्याला बोलावून ते खुर्चीत बसवायचे आणि तो "गार आहे" म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. मासेवाली तर एकदा टेकली की उठेना. "तुमच्याकडं बसायचं म्हंजे धंद्याची वाट," म्हणाली, "मी गार पडते न् म्हावरं बाहेर तापतं."

सासूबाईंनी डोंबिवलीला फोन लावला. "ये गो आता. तुझ्या बापसानं घर गार केलान." ताईने एका आठवड्याची रजा काढली. फक्त आठवडा, पण येतेय म्हटल्यावर सासूबाईंनी हिशेबाने आढी लावली. त्यांचा हिशेब आजवर चुकलेला नव्हता: लेक उंबऱ्यात आणि पहिला थर तयार.

ताई आली. दुपारी मुलं चादर ओढून झोपली. मे महिन्यात, रत्नागिरीत, चादर! सासूबाई डोळे भरून बघत राहिल्या आणि मग टोपली घेऊन माळ्यावर गेल्या. खाली आल्या, तर टोपली रिकामीच.

आंबे हिरवेगार होते. नुसते हिरवे नाहीत, फेकून मारला तर माकड आडवं होईल असे. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मी स्वतः वर गेले. पेंढा उचकला, आंबे दाबून पाहिले, आणि एकदम लक्षात आलं की मला घाम आलेला नाही. पूर्वी त्या माळ्यावर पाच मिनिटं उभं राहवत नसे. ज्या उकाड्याने ताईला पळवून लावलं होतं, तोच आमचे आंबे पिकवत होता. मी खाली येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई नवऱ्यावर कडाडल्या, "तुमच्या त्या चांदीच्या कागदात आंब्यांना थंडी वाजत्ये!"

सासऱ्यांनी उपाय सुचवला, उरलेला कापूस आढीवर पांघरू. सासूबाई केरसुणी घेऊन शिडीपाशी उभ्या राहिल्या. "हात लावून बघा. पोरांच्या जिभेला खाज सुटायला हवी काय?" मी म्हटलं, हातखंब्याहून पिकल्या आंब्यांची पेटी आणू या. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कोथिंबीर निवडायला घेतली. मुलं मजेत कैऱ्या समजून तिखटमीठ लावून आंबे खात होती. ताई म्हणत होती, "आई, राहू दे गं, नाही तर नाही." आणि ती असं म्हणाली की सासूबाईंचा चेहरा आणखी उतरायचा. आठवडा निम्मा सरला होता.

त्याच दुपारी माळ्यावर धडधड सुरू झाली. माकडं आत शिरली असं समजून मी काठी घेऊन वर गेले. तर सासरे. या खेपेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला पंचा. स्वतःच्या खोलीवरची जाळी त्यांनी उचकटली होती आणि आपल्या हाताने लावलेला कापूस ओढून काढत होते. पत्रा उघडा पडताच वरून आग कोसळली. आढी आम्ही दोघांनी उचलून त्याखाली आणली.

"बाबा, पण तुमची खोली—"

"इंजिन रूमचा माणूस मी. मला गारव्यात झोप लागत नाय."

गेला महिनाभर ते गारव्यात इतके घोरत होते की माकडं बिचकत होती. त्या दिवसापासून ते दुपारी दार लावून त्या भट्टीत झोपू लागले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीही आपली चटई उचलून तिथेच नेली. "आई, इथे माजघरात झोपा ना," मी म्हटलं. "आंब्यांवर वायच लक्ष नको ठेवायला?" त्या म्हणाल्या. आंबे माळ्यावर, त्या खाली, मधे लाकडी तक्तपोशी. काय लक्ष ठेवणार होत्या, देव जाणे.

ताई निघायच्या आदल्या सकाळी घरभर वास सुटला. पहिला थर पिवळाजर्द. जेवणात रस झाला, मुलांच्या कोपरापर्यंत ओघळ गेले, आणि सासूबाई स्वतः न जेवता वाढतच राहिल्या.

दुपारी बॅगेची चावी मागायला ताई त्यांच्या खोलीपाशी गेली. दार किलकिलं करून नुसतीच उभी राहिली, म्हणून मीही मागून डोकावले. आई-बाप दोघं घामाने निथळत गाढ झोपले होते. सासऱ्यांच्या हातात विणलेला हातपंखा, झोपेतही सासूबाईंच्या बाजूला कललेला.

ताईने दार हळूच लावून घेतलं. अंगणात जाऊन ऑफिसला फोन लावला आणि रजा वाढवून मागितली. पलीकडून कारण विचारलं असावं. तिच्या नखांत अजून रस होता.

"आंबे पिकायचेत अजून," ती म्हणाली.