बागांवर पाणी सोडलं

"ये देखो मॅडम, बगीचों पर पानी छोड़ दिया, और हमसे पीने का मांग रहे हैं." साहेबांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं आणि फाइलवर नकार लिहायला पेन उघडला.

मी सौंसरला उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. आमच्या स्टॉपडॅमचं, म्हणजे नदीतल्या ठेंगण्या बांधाचं, गेट माझ्या ताब्यात. बांध मध्य प्रदेशात, नदी पुढं महाराष्ट्रात जाते. पूर्वी उन्हाळाभर धार राहायची. आता सारा पाऊस चार दिवसांत पडून मोकळा होतो, अन् एप्रिलमध्येच नदी कोरडी. पत्र सीमेपलीकडच्या पहिल्याच गावच्या सरपंचबाईंचं होतं, मराठीत: 'संत्र्याच्या बागांवर आम्ही पाणी सोडले आहे. गावची विहीर आटली. पिण्यापुरते तरी द्या.'

साहेब भोपाळकडचे. मी म्हटलं, "सर, पेन रख दीजिए. इसका मतलब सिंचाई नहीं. बगीचे की आस छोड़ दी, ऐसा है."

"पक्का?"

"मेरी मातृभाषा है सर."

"तो साइट देखकर आओ."

गेले. झाडांची पानं वळलेली, लिंबाएवढी फळं खाली वाळून पडलेली. विहिरीतला पंप गाळ ओढत होता. फोटो काढले, साहेबांना दाखवले. साहेब मानले, पण म्हणाले, "अपने किसान मानेंगे?" अडचण खरीच होती. बांधातलं पाणी म्हणजे आमच्या बागांची शेवटची पाळी.

मारुतीच्या देवळापुढं मीटिंग घेतली. शामरावभाऊंची बाग सगळ्यात मोठी. तेच आधी बोलले. "झाडावर फळ हाय मॅडम. आमी काहून द्यायचं? त्यायच्या सरकारनं पाहावं ना."

मला राग आला होता, पण मी भाषण दिलं नाही. पत्रच त्यांच्या हातात दिलं. भाऊंनी वाचलं, मंग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"पंधरा-पंधरा वर्साची झाडं असतीन वो," ते हळू म्हणाले. "संत्र्यावाला माणूस असं उगाच नाही लिहीत." त्यांनी पत्र घडी घालून मला परत दिलं. "अर्धी पाळी आमची, अर्धी त्यायची. खोला गेट."

तिसऱ्या दिवशी पाणी त्या गावच्या डोहात पोचलं आणि काठच्या विहिरीला पाझर फुटला. भाऊंची काही फळं गळली, झाडं तगली. मला लई अभिमान वाटला, आजही वाटतो, लपवत नाही.

धडा एवढाच: सरकारी पत्रात वाक्प्रचार लिहू नये. लिहिलाच, तर तो कळणारं माणूस त्या ऑफिसात असावं. आमच्या ऑफिसात होतं.