मेजवानीचा रकाना

पद्मिनी मला पहिल्यांदा दिसली ती मासळीच्या काउंटरपाशी. मी विभाकडे, माझ्या मुलीकडे, जपानात त्सुकुबाला येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि इमारतीजवळच्या सुपरमार्केटमध्ये ओळखीची एखादी पालेभाजी मिळते का ते बघत फिरत होते. साल्मनच्या तुकड्यांपुढे चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. कुडत्यावर जाड स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. ती विक्रेत्याला अडखळत जपानीत काही विचारत होती आणि तो इतका रंगला होता की हाताने माशाचा आकार दाखवून उत्तरं देत होता. शेवटी त्याने एक छानसा तुकडा निवडला, कागदात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

ती मागे सरकली आणि स्वतःशीच म्हणाली, "अरे देवा, आता ह्याला कसं सांगू?"

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

तिने वळून पाहिलं. माझ्या तोंडून मराठी ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मलाच संकोच वाटला. "मी मासे खात नाही हो," ती म्हणाली. "मला फक्त माहिती हवी होती. खारवलेला किती टिकतो, डोकं वेगळं का विकतात, असलं."

"घेऊन टाक. आमची विभा खाते."

तो साल्मन आमच्याकडे शिजला आणि पद्मिनी आमच्याकडे येऊ-जाऊ लागली. ती आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तिने मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली, ते आजतागायत.

पद्मिनी मूळची डोंबिवलीची. ठाण्याच्या एका बँकेत ती कर्ज विभागात होती. तिचा नवरा सत्यजित याला कंपनीने इथल्या संशोधन केंद्रात चार वर्षांसाठी पाठवलं, तेव्हा तिने आधी रजा घेतली आणि रजा संपल्यावर राजीनामा दिला. पहिलं वर्ष कचरा वेगळा करायला शिकण्यात गेलं, असं ती सांगते. दुसऱ्या वर्षी तिने विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेतला. वर्गातली बाकीची मुलं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ती तिला मानाने पद्मिनी-सान म्हणत आणि तिच्या डब्यातल्या थालीपीठावर डोळा ठेवून असत.

तिचा विषय ऐकून मी दोनदा विचारलं होतं. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं कोळ्यांचं एक गाव आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं त्सिमशियन लोकांचं एक गाव, यांच्या आर्थिक आणि सामाजिक स्थितीची तुलना. काळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. त्सिमशियन हे त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी, साल्मनवर जगणारे. त्यांच्याकडे घराणं आईकडून चालतं, मामाचं नाव आणि मान भाच्याला मिळतो. स्कॉटिश माणसं तिथे व्यापारी म्हणून गेली, पुढे मासे डबाबंद करायचे कारखाने निघाले. तिकडे त्सिमशियन बाया साल्मन साफ करत होत्या, त्याच काळात स्कॉटलंडच्या मुली बोटींच्या मागोमाग बंदरोबंदरी जाऊन हेरिंग मासे चिरत होत्या.

"पण हे सगळं तू जपानात बसून का करतेस?" मी विचारलं.

"कुरोइवा सेन्सेईंमुळे." सेन्सेई म्हणजे तिच्या प्राध्यापक बाई. "त्यांनी दोन्ही गावांच्या जुन्या नोंदी वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. त्यांना इंग्रजी भराभर वाचणारं आणि तक्ते करायला न कंटाळणारं माणूस हवं होतं. बँकेत दुसरं काय केलं मी?"

ते खरं होतं. पद्मिनीची नजर कर्ज अधिकाऱ्याची होती. पहिल्यांदा आमच्या घरात आली तेव्हा चहा येईपर्यंत तिने फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पडदे पाहून घेतले. मी हसले तर म्हणाली, "सवय हो, बाई. घरी जाऊन पाहणी करायची असायची ना. माणूस काय म्हणतो ते ऐकायचं आणि बघायचं मात्र भिंतीकडे." कुणाबद्दल ती वाईट बोलत नसे, पण घराची मिळकत काय आणि ती कशात जाते, हे कळल्याशिवाय तिला घर ओळखीचं वाटत नसे. तिच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. एका बाजूला स्कॉटलंडचे कागद, दुसऱ्या बाजूला त्सिमशियनांचे, आणि मधल्या पट्टीत सत्यजितचं ताट.

प्रबंध जानेवारीत द्यायचा होता. सत्यजितची मुदत मार्चला संपत होती. एकदा दोघी तळ्याकाठी फिरायला गेलो असताना ती म्हणाली, "बाई, हे जमलं नाही तर मी मुंबईला काय म्हणून परत जाऊ? बँकेची जागा मीच सोडली. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार मला? घरी सगळे म्हणतीलच, चार वर्षं जपान फिरून आली." तिने ते हसत सांगितलं.

ऑक्टोबरात सेन्सेईंनी तिचा पहिला मसुदा वाचून परत दिला. संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती बूट काढता काढताच बोलत.

"काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, आकडे सगळे बरोबर आहेत. पण हा अहवाल कर्ज नाकारणाऱ्या माणसाने लिहिलाय."

"रागावून म्हणाल्या?"

"छे हो. चहा देऊन म्हणाल्या. तेच तर लागतं जास्त."

अडचण एका रकान्याची होती. त्सिमशियन घराणं उन्हाळाभर राबायचं, साठवायचं आणि हिवाळ्यात मोठी मेजवानी घालायचं. भाच्याने मामाचं नाव घेतलं, कुणी गेलं, नवं घर उभं राहिलं, की गावोगावची घराणी बोलवायची आणि आल्यागेल्याला घोंगड्या, भांडी, पिठाची पोती वाटायची. पद्मिनीने हे सगळं 'अनुत्पादक खर्च' या रकान्यात घातलं होतं. त्यामुळे बेरजेत ते गाव स्कॉटिश गावाच्या खूप खाली गेलं. कॅनडाच्या सरकारनेही एके काळी याला उधळपट्टी ठरवून कायद्याने बंदी घातली होती, आणि ती साठाहून जास्त वर्षं टिकली. सेन्सेईंचं म्हणणं एवढंच, की मेजवानी कुठल्या रकान्यात जाते ते पुन्हा पाहा.

"मी मग गुंतवणुकीत टाकली," पद्मिनी म्हणाली. "तर तेही खोडलं. म्हणाल्या, मग परतावा दाखवा. आता परतावा कुठून दाखवू? घोंगड्या वाटून झाल्या!"

तेवढ्यात दिवाळी आली. प्रबंधाच्या धांदलीतही पद्मिनीने चकल्या, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू केले, आणि एक स्टीलचा डबा भरून खालच्या मजल्यावरच्या शिमोमुरा-सानना दिला. शिमोमुरा-सान सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. कुणाला चुकून ओला कचरा चुकीच्या दिवशी ठेवताना पाहिलं तर न बोलता स्वतः उचलून ठेवणाऱ्या.

दोन दिवसांनी डबा परत आला, आत त्यांच्या भावाच्या बागेतली काकीची फळं. काकी म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं एक गोड केशरी फळ. आता आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि जपानी लोकही घेतल्याची परतफेड केल्याशिवाय राहत नाहीत. फळं आली म्हणून पद्मिनीने डब्यातून रव्याचे लाडू पाठवले. लाडवांवर तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आल्या. त्यावर चिवडा गेला. चिवड्यावर उकडलेली रताळी आली.

"त्या डब्याला आता रेल्वेचा पास काढून द्या," सत्यजित म्हणाला.

"तुम्हाला काय होतंय बोलायला? चिवडा मी परतते."

"रताळी मी खातो ना! माझा काहीच वाटा नाही का?"

मला जिन्यात डबा कधी खाली जाताना दिसे, कधी वर येताना. पण डिसेंबर लागला आणि पद्मिनीचा धीर सुटला. मेजवानीचं प्रकरण तिथेच अडकलं होतं आणि इकडे दर तीन-चार दिवसांनी काहीतरी तळायचं होतं. "बाई, मी आज हे खातं बंद करते," तिने मला जिन्यातच सांगितलं. तिने मोठ्या दुकानातून चांगल्या टॉवेलांचा संच आणला, पेटीतला, वर सोनेरी दोरा आणि सुंदर कागद. तो शिमोमुरा-सानना दोन्ही हातांनी दिला, वाकून आभार मानले आणि हलकी होऊन वर आली. एवढ्या मोठ्या भेटीवर आता काकीची फळं येणार नाहीत, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे कोथिंबीर मागायला गेले होते, तेव्हा दारावरची घंटा वाजली. दारात शिमोमुरा-सान. हातात पुठ्ठ्याची दुमडलेली खोकी, सुतळीने नीट बांधलेली. डोळे लाल. त्या हळू आवाजात बोलत होत्या आणि पद्मिनीचा चेहरा पडत चालला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, ह्या म्हणतात, सामान बांधायला खोकी लागतील. विचारतात, मुंबईला कधी निघणार. आणि आधी का नाही सांगितलं, म्हणतात."

असं होतं तर. इथे लोक घर सोडून जाताना शेजाऱ्यांना मोठी भेट देतात. टॉवेलांची पेटी पाहून त्यांनी तेच समजलं होतं, आणि रात्री भावाला फोन करून खोकी मागवली होती.

पद्मिनीने त्यांना हाताला धरून आत बसवलं. जमेल तशा जपानीत सांगितलं, की इतक्यात जात नाही, परीक्षा आहे, वेळ मिळत नाही म्हणून एकदम मोठं काहीतरी दिलं. शिमोमुरा-सान तोंडावर हात ठेवून हसल्या आणि काहीतरी बोलल्या. पद्मिनीने मला मराठीत सांगितलं: "म्हणतात, जाणार असाल तर मोठं द्यायचं. राहणार असाल तर थोडं थोडंच द्यायचं. आणि वेळ नसेल तर डबा महिनाभर ठेवून घ्यायचा, कोण मागतंय?"

खोकी मात्र त्यांनी परत नेली नाहीत. आणलेलं परत न्यायचं नसतं म्हणे. दुपारी सत्यजितने त्यांतल्या दोन खोक्यांत स्कॉटलंड आणि त्सिमशियन भरून ठेवले आणि कित्येक महिन्यांनी टेबलावर दोघं समोरासमोर बसून जेवले.

त्या दिवशी संध्याकाळी पद्मिनी आमच्याकडे आली. विभाने चहा दिला तो निवत चालला होता.

"मी हिशेब पूर्ण केला, आणि त्यांना वाटलं आम्ही चाललो," ती शेवटी म्हणाली. "बरोबरच आहे त्यांचं. पूर्ण झाला की उरतं काय? बाई, मेजवानीला येणारे लोक नुसते पाहुणे नसतात, साक्षीदार असतात. भाच्याने मामाचं नाव घेतलं हे त्यांनी पाहिलेलं असतं. दुसऱ्या वर्षी ते बोलावणार, तेव्हा ह्यांनी जायचं. मी ते एका वर्षाच्या जमाखर्चात बसवत होते. वर्ष संपलं, खातं बंद."

"आणि स्कॉटलंडात?"

"तिथेही आहे! बोट किनाऱ्याला लागली की शेजाऱ्यांना तळण्यापुरते हेरिंग द्यायचे. ज्या घरचा माणूस समुद्रात बुडाला तिथे तर आधी. त्या बायका मासे विकत घेतच नसत. माझ्या नोंदींमध्ये आहे ते, पण कुणाच्याच मिळकतीत धरलेलं नाही म्हणून मी सोडून दिलं होतं."

मी शाळेतली सवय म्हणून विचारलं, "मग गरीब कोण, ते सांग."

"पैशाने त्सिमशियनच," ती लगेच म्हणाली. "ते मी लपवणार नाही. ज्या नदीचे मासे त्यांचे, तिथेच त्यांचे मासेमारीचे हक्क कमी करत नेले. कारखान्यात त्यांच्या बायकांना मजुरी कमी. स्कॉटिश कोळ्याला निदान स्वतःच्या नावावर बोट घेता येत होती. पण गरीब आणि मागास हे मी एकाच ओळीत लिहून टाकलं होतं. का, तर ते वाटून टाकतात म्हणून. ते खोडणार."

तिने दोन-तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हटलं तरी चालेल. तक्ते तिने काढून टाकले नाहीत. तक्त्यांवर तिचं प्रेम आहे आणि ते राहणार. तिने फक्त मेजवानी खर्चातून उचलली आणि दोन्ही गावांसाठी एक नवं प्रकरण लिहिलं: कुणाच्या दाराशी कोण आणि कशासाठी येतं. सेन्सेईंनी ते वाचून काय म्हटलं, असं मी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. "म्हणाल्या, आता दोन्ही गावांत माणसं राहायला आली. आणि तीन तळटिपा चुकल्यात, त्या दुरुस्त करा."

फेब्रुवारीत तिची तोंडी परीक्षा झाली. मी तेव्हा ठाण्याला, माझ्या घरी होते. सकाळी फोन वाजला तेव्हा आधी सत्यजितचाच आवाज आला, "बाई, पास! ती रडतेय, म्हणून मी बोलतोय." मागून पद्मिनी ओरडली, "रडत नाहीये, सर्दी झालीय!" मग तिने फोन घेतला आणि एका परीक्षकाने काय खोचक प्रश्न विचारला, आपण काय उत्तर दिलं, ते सगळं मला सविस्तर ऐकवलं. माझी आमटी तळाला लागली, पण मी तिला थांबवलं नाही.

पुढे सत्यजितला कंपनीने टोकियोच्या कचेरीत आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं. सध्या ते दोघं टोकियोजवळ उरायासुला राहतात. पद्मिनी आठवड्यातले तीन दिवस एका संशोधन संस्थेत नोकरीला जाते, आणि इबाराकीच्या, म्हणजे त्सुकुबा ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावांत घरोघर जाऊन पाहणी करते.